अर्ज अकरावा

माझं अक्षर वळणदार, म्हणून द्वारकाकाकी माझ्याकडे यायची.
पावलांना ओली वाळू, कनवटीला तिकिटांपुरती चिल्लर,
हातात कोरा फुलस्केप,
मासळीचा वास लागू नये म्हणून केळीच्या पानात गुंडाळलेला.

मा. जिल्हाधिकारी साहेब, रत्नागिरी, यांसी.
अर्जदार : द्वारका धाकू चोगले, राहणार बुरोंडी.
विषय : मयत नवऱ्याचं पेन्शन.

नवरा आरमारात स्टोकर. बोटीच्या पोटात,
भट्टीसमोर, जिथून समुद्र कधी दिसत नाही.
सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत बाकीच्यांबरोबर
तोही कामावर गेला नाही.
मग काही महिने तारेचं कुंपण,
मग एक तिकीट, एक कागद,
आणि धाकू चोगले घरी आला
खांद्यावरच्या फितीचे दोरे लोंबत.

"तो कागद कुठाय?" दापोलीचा कारकून दर वेळी विचारी.
काकी दर वेळी खरं सांगे :
"होडीत."

काथ्या कमी पडला होता त्या साली.
धाकूने राळेत बुडवून सरकारी कागदच
फटीत ठोकून बसवला.
"थेंब नाही आला आत," काकी सांगे,
"इंग्रजाचा कागद, जाड."
होडी पुढे हर्णैच्या कुणाला तरी विकली.
कारकून रकान्यात रेघ मारी,
आणि पुढचा माणूस बोलवी.

मग म्हणाले, साक्षीदार आणा.
दाभोळचे शरफुद्दीन सारंग आले एसटीने,
सही करायला उजवा हात डाव्याने धरून.
मी विचारलं, चाचा, तुम्ही नाही केलात अर्ज?
ते चहा बशीत ओतत राहिले.
"आम्ही हरलो होतो, पोरी.
सहाव्या सकाळी काळं निशाण चढवलं आम्हीच.
हरलेल्यानं पगार मागायचा कुणाकडे?
ज्यांच्यावर उठलो ते गेले.
जे आले त्यांनीच सांगितलं होतं, पुरे आता, खाली या."
बशी रिकामी झाली तरी फुंकर घालत होते.

दहा अर्जांत मी लिहिलं होतं
निबंधाच्या वहीतलं :
देशाच्या स्वातंत्र्यासाठी सर्वस्वाचा त्याग करून.
अकराव्याला काकी म्हणाली, "काय लिवतेस गो दर वेळी? वाच."
वाचलं.
"खोड ते."

"असं कधी बोललेच नाहीत ते.
ते डाळीचं बोलायचे.
डाळीत खडे. एक दाढ गेली त्यात.
तक्रार केली तर सायबानं आईवरून शिवी दिली.
आईवरून दिली म्हणून ताट खाली ठेवलं.
एवढंच लिव."

काकी, अशानं पेन्शन मिळणार नाही.

"तशानं मिळालं?"

लिहिलं मग. डाळ. खडे.
दाढ, खालची, उजवीकडची.
आईचं नाव भिमाबाई, शिवी लिहिली नाही,
तिथे जागा सोडली.
काकीने अंगठा उठवला,
उरलेली शाई केसांना पुसली,
आणि त्या सोडलेल्या जागेकडे बघत बसली,
वाचता येत असल्यासारखी.

पोचपावती आली. सही कुणाची, कळली नाही.
पुढे माझं लग्न झालं, चिपळूण.
आईच्या पत्रात एकदा, कोकमाचा भाव
आणि धाकट्याचा निकाल, यांच्या मधे
एक ओळ : द्वारका गेली, तुझं अक्षर विचारत होती.

हर्णैला काही कामाने गेले की
बंदरावर उपड्या घातलेल्या होड्यांशी वाकते.
काळी राळ, काथ्या, वाळलेले शिंपले.
बोटाने फट चाचपते.
परवा एका म्हाताऱ्याने हटकलं,
काय हरवलं, बाई?
म्हटलं, काही नाही.
कागद आहे आमचा एक.