हातचा

उत्तर आलं शुक्रवारी, दुपारी साडेचारला.
कार्यालय पाचला बंद.
"आपल्या आर्थिक मदतीत फेरबदल करण्यात आला आहे."
फेरबदल. किती सालस शब्द.
त्याच्या पोटात आठ हजार सहाशे डॉलर निमूट बसले होते.

मी तिसऱ्या वर्षाला. नद्यांचा गाळ शिकते.
कुठला कण कुठल्या डोंगरावरून सुटला, कुठे अडला,
बाटलीभर पाण्यावरून सांगू शकते.
पपांच्या पैशांचं तसं कुणी पाहिलं नाही.
त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा आकडा उचलला
आणि यंदाच्या रकान्यात ठेवला.

आकडा खरा होता, तीच तर पंचाईत.
त्या वर्षी आमच्या गावची कागदाची गिरणी बंद झाली.
तीन नंबरच्या यंत्रावर सव्वीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला
कंपनीने एकरकमी पैसे दिले, हात मिळवला,
आणि आर्मां थिबडो
जन्मात एकदाच, करखात्याच्या कागदावर,
सधन दिसले.

छप्पर. आईचा खुबा. ट्रकचा क्लच.
उरलं ते मेनच्या हिवाळ्यानं
तळघरातल्या तेलाच्या टाकीतून पिऊन टाकलं.

अपिलाच्या पहिल्या मसुद्यात मी अकरा वेळा 'कृपया' लिहिलं.
खोलीतली केझाया म्हणाली,
दुःखाला पावती जोड, नुसतं दुःख फाइलला टाचता येत नाही.
दुसऱ्यात 'कृपया' दोनदा.
तिसऱ्यात नुसते आकडे, एकाखाली एक,
शाळेत मिस पेल्की घालायच्या तशी बेरीज:
हातचा विसरू नका, मुलांनो,
हातचा विसरलात की उत्तर दिसतं बरोबर, असतं चूक.

खिडकीमागे मिसेस हाल्व्होर्सन, चष्मा दोरीला,
शेजारी कुणीतरी पाणी घालायचं विसरलेली कोरफड.
सगळं वाचलं. दोनदा.
"वडिलांच्या हातचं पत्र लागेल.
सध्या काय करतात, काय मिळतं. खाली सही."

पपा वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा
आईच्या अक्षराखाली फक्त नाव लिहितात.
आणि तीन नंबरच्या यंत्रानं त्यांचे कान अर्धे नेलेत.
म्हणून वसतिगृहाच्या बोळात उभी राहून मी फोनवर ओरडले:
लिहा, की तुम्हाला काम नाही!
दोन दारं उघडली, हलकेच बंद झाली.
मी पुन्हा ओरडले.
पलीकडे हॉकीचा सामना चालू होता, तो बंद झाला.
"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," पपा म्हणाले.

पत्र टपालानं आलं. फोटो काढून पाठवा म्हटलं होतं, तरी.
जाड, सायीच्या रंगाचा कागद.
शेवटच्या दिवशी डब्याच्या पिशवीतून घरी आणलेल्या गठ्ठ्यातला,
त्यांच्याच यंत्रातून उतरलेला.

मी आर्मां थिबडो.
बर्फ पडलं की बर्फ उपसतो.
मंगळवारी, शुक्रवारी शाळेच्या बस धुतो. तासाला सोळा.
मुलगी खोटं बोलत नाही.

मिसेस हाल्व्होर्सननी तो प्रतीसाठी यंत्रात घातला.
यंत्र अडलं. झाकण उघडलं, ओढून काढला, पुन्हा घातला.
पुन्हा अडलं.
"फार जाड आहे हो," त्या म्हणाल्या,
आणि अंगठा-तर्जनीत धरून
कापड चाचपावं तसा जरा वेळ चाचपत राहिल्या.

तीन आठवड्यांनी पाच हजार शंभर मंजूर झाले.
मूळ पत्र फाइलमध्ये गेलं, नियमच आहे.
मला मिळाली ती फसलेली प्रत:
ओळी तिरक्या, 'मुलगी' शब्द ओढला जाऊन
पार समासापर्यंत लांबलेला.

उरले साडेतीन हजार.
ग्रंथालयात रात्रपाळी, उन्हाळ्यात धरणावरचं काम,
एक विषय पुढच्या वर्षी.
मांडते, बेरीज करते, पुन्हा मांडते.
दर वेळी बस धुणारे दोन हात मध्येच येतात
आणि ते कुठल्या रकान्यात धरायचे
मला अजून कळत नाही.