टिंब

मे महिना, हिंगण्याची एमआयडीसी, पारा सेहेचाळीसवर.
आम्हा एकवीस निदेशकांना पुन्हा बाकावर बसवलं.
खोलीत एसी होता. माणसांसाठी नव्हता,
मशीनला उष्णता सोसत नाही म्हणून होता.
तिच्या पुण्याईनं आम्हीही गार.

शेजारी गोंदियाचे बिसेन सर,
निवृत्तीला अकरा महिने.
"आता शिकून काय लोणचं घालाचं?" म्हणाले,
आणि सगळ्यांआधी समास आखून, तारीख घालून तयार.

शिकवायला अल्फिया मॅडम, वय अठ्ठावीस,
वडिलांचं इतवारीत नट-बोल्टचं दुकान.
आकडे बोलतात तेव्हा
गल्ल्यावर सुटे मोजल्यासारखे, एकही न सांडता.

मी टर्नर. सव्वीस वर्षं लेथवर.
टूल कण्हतं की गातं, यावरून मला धार कळते,
चाक फिरवणाऱ्या पोराची भीतीसुद्धा.
इथे दार बंद. काचेआड दुधासारखं कूलंट उसळतं.
मी कान देऊन उभा राहिलो,
आतलं काही माझ्याशी बोललं नाही.

चौथ्या दिवशी माझी पाळी.
मी लिहिलं, एक्स पन्नास.
पन्नासच्या पुढे टिंब द्यायचं राहिलं.
टिंब नसलं की ही मशीन
पन्नास मिलिमीटरचे पन्नास मायक्रॉन समजते,
केसाहून बारीक.
टूल थांबायचं तिथे थांबलं नाही,
थेट जॉबच्या पोटात.
तो आवाज मात्र काचेतून ऐकू आला.

मॅडमनी दार सरकवलं,
तुटका इन्सर्ट चिमटीत धरून उजेडात पाहिला.
"इन्सर्ट चारशेचा, सर. टिंब फुकट असतं."
कुणीतरी हसलं, बिसेन सर बहुतेक.
मग तिनं नवा बसवला आणि म्हणाली,
"पुन्हा करा."

बस. एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.
अंकुश बावणे आठवला, हजेरी क्रमांक सतरा.
कळमेश्वरहून पहाटेच्या गाडीनं यायचा,
नखांत ग्रीस, खिशात कंगवा.
त्यानं पार्टिंग टूल तोडलं होतं,
डेड स्टॉक रजिस्टरला लागलेलं, सरकारी.
महिनाभर लेथला हात लावायचा नाही, म्हटलं.
झाडू दिला. बुरादा भर, म्हटलं.
एकोणीस दिवस भरला त्यानं.
विसाव्या दिवशी गैरहजर, मग गैरहजरच.
मी लाल शाईनं आडवी रेघ मारली, पट्टी लावून.
रेघ सरळ आली
याचं बरं वाटल्याचंही आठवतं.

रुजू झालो त्या दिवशी कपाटातून त्याचा अर्ज काढला.
बापाचा नंबर. शेवटचा आकडा ओलीनं पुसलेला.
शून्यापासून नऊपर्यंत दहाही लावून पाहिले.
तीन लागले. भंडाऱ्याच्या एक बाई म्हणाल्या,
"नाही जी, इथं कोणी बावणे नाही.
काही झालं का त्या पोराले?"
मला सांगता येईना.

जुलैत प्रमाणपत्र आलं.
त्यावर खोंडेचं खोडे झालेलं.
दुरुस्तीचा अर्ज मी दिला नाही.

ऑगस्टात नवी बॅच.
तो इन्सर्ट मी मागून आणला होता,
हातोहात फिरवला. म्हटलं, हा मी तोडला.
मागच्या स्टुलावरून एक जण:
"मंग सर, तुमाले काय शिक्षा भेटली?"

"काही नाही बे. पुन्हा करायला लावलं."

त्यांना ते खरं वाटलं नसावं.
बराच वेळ लेथजवळ कुणी येईना.
कूलर नुसता घरघरत राहिला.
मग एकानं केसांतून फिरवत असलेला कंगवा
खिशात टाकला,
आणि आला.