खड्डा क्रमांक सतरा

सड्यावरचे सोळा खड्डे दोन दिवसांत उरकले.
वीतभर माती, खाली कातळ.
पहार खणकन वाजली की रकाना भरायचा:
खोली अठरा सेंटिमीटर. निचरा अति.
जांभा काही लपवत नाही.

सतरावा इथे, आचऱ्याच्या खाडीला, बांधाच्या आत,
जिथे आधीच्या कुणी नकाशावर
हिरव्या पेन्सिलीने एवढंच लिहून ठेवलंय:
खार. पुन्हा बघावे.

लवू तारी खणतो. तो कमरेइतका आत गेला की
मी टेप सोडते, सुरीने भिंत खरवडते,
थर बदलेल तिथे खिळा.
चौदापर्यंत करडी, भाताच्या मुळांनी शिवलेली.
एकेचाळीसपर्यंत तांबूस ठिपके,
जुन्या पिंपाच्या बुडाला असतात तसे.
त्याखाली निळसर गाळ, पायाला सोडत नाही,
आणि वास. सडक्या अंड्याचा, असं नोंदवायचं असतं.
"अंडा खंय दिसला तुमका?" लवू खालून विचारतो.
"ह्यो खाडयेचो वास."
मी दोन्ही लिहिते. त्याचा समासात.

रंगांचं पुस्तक उघडते, ऊन पाठीवर घेऊन.
ओला गोळा एकेका भोकामागे धरते.
इतके चौकोन, आणि एकही पुरता जुळत नाही.
दोघांच्या मधे कुठेतरी राहते ही माती.
मग जवळचा आकडा टाकायचा,
मास्तरांनी माझी जन्मतारीख एक जून टाकली तसा.

अंगठ्याने फीत काढते. सात सेंटिमीटरला तुटली:
चिकणमाती. आमच्या परभणीकडेही
अशीच लांब निघते फीत, काळीभोर,
पण वैशाखात तिथे भेगेत कोपरापर्यंत हात जातो.
इथे भेगांच्या आधी मीठ वर येतं,
भिंतीला लोणा चढावा तसं, गुपचूप.

ब्याण्णववर शिंपले. आम्लाचा थेंब टाकला, फसफसला.
"मुळे," लवू म्हणाला,
आणि मी क्षणभर झाडाची मुळं शोधत राहिले.
तो हसला. त्याच्या आईने इथेच काढलेत म्हणे टोपलीभर,
बांध नव्हता तेव्हा.

यंत्र म्हणतं, खड्ड्याशी दोन पूर्णांक एक.
उघाडीच्या कोपऱ्यात नऊ पूर्णांक चार.
मधली रेघ मला कागदावर ओढायची आहे:
अलीकडे वर्ग चार, पलीकडे सहा,
लागवडीस अयोग्य.
लवू चिमूट घेतो, जिभेवर ठेवतो, थुंकतो.
पाच पावलं. पुन्हा चिमूट.
"हंय गोडा. थंयसून खारा."
टाचेने चिखलात ओरखडा काढतो.

त्याच्या ओरखड्यात आणि माझ्या रेघेत
वीस पावलांचं अंतर.
त्या वीस पावलांत त्याचं राता भात उभं होतं,
लोंबी वाकलेल्या, तांबडी कुसळं.

अयोग्य?
मी पेन्सिल कानामागे खोवली.
गिरमिट पुन्हा काढलं, दर दोन पावलांना एक भोक,
दहा पिशव्या. ऊन कलेपर्यंत.
आकडे ना त्याच्या बाजूचे निघाले ना माझ्या.
कुठे तीन, मधेच सात, पुन्हा चार,
जशी भरती आत शिरताना
एकेका वाफ्याला विचारत गेली असावी.
रेघेऐवजी मी ठिपके दिले.
साहेब विचारतील. विचारू देत.

खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर, हा नियम.
सांगायला तोंड उघडलं तर
लवूने तीन ढीग सकाळीच वेगळे केलेले.
तरी माती उरलीच थोडी. नेहमी उरते.

पिशवीवर पेन्सिलीनेच लिहायचं, शाई ओलीत फुटते.
गाव, गट, खोली, तारीख.
स्थानिक नाव?
"ह्येका?" त्याने फावडं बांधाला टेकवलं.
पलीकडे खाडी चढायला लागली होती,
तिवरांच्या कमरेपर्यंत.
"ह्येका आमी उरलाला म्हणताव.
बाकीचा गेला मां."