आपलीच पापणी

आरोग्य-ठाण्याच्या मागे निलगिरीचा धूर.
बाकावर अकरा बाया आणि एक म्हातारा,
सगळे उन्हाकडे पाठ करून.
डोळ्यात खुपत असलं की माणूस उजेडाशी वैर धरतो,
हे मला गोंदरच्या वर्गात नाही, या बाकानं शिकवलं.

एनातनेशचा नंबर सहावा.
नेतेलाच्या पदराखाली काळा दोरा,
दोऱ्याला लाकडी क्रॉस, क्रॉसशेजारी चिमटा.
वोरेंतो म्हणतात इथे.
लोहाराच्या हातचा, टोकं झिजून चकचकीत.
एकवीस वर्षं ती
आरशाशिवाय, बोटानं चाचपत
स्वतःच्या पापण्या उपटते आहे.
शेजारणींच्याही उपटते. एकीमागे एक अंडं.

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणतात ना,
इथे आपलीच पापणी, आपलाच डोळा.
लहानपणी माश्या बसल्या, डोळे आले, गेले, पुन्हा आले,
पापणीची आतली बाजू व्रणांनी आक्रसली
उन्हात विसरलेल्या चामड्यासारखी,
आणि काठ आत वळला.
राखणीला ठेवलेले केसच
घरात शिरले.
आता पापणी लवली की
बुबुळावरून केरसुणी फिरते,
दिवसातून हजारो वेळा.

टॉर्च धरतो, भिंग लावतो.
उजवीकडे पाच केस. डावीकडचे मोजत नाही,
डाव्या बुबुळावर साय धरली आहे.

"दिसेल का?"
हा प्रश्न येणार हे ठाऊक असतं, तरी
दर वेळी मी आधी चष्मा पुसतो.
"डाव्यानं नाही. गेलं ते गेलं.
उजव्यात आहे तेवढं राहावं. खुपणं थांबेल."
ती विचार करते. बाहेर खेचर फुरफुरतं.
"खुपणं थांबलं तर डोळा तरी लागेल," म्हणते.

भुलीची सुई.
ही तेवढी दुखते, मी सांगतो,
आणि ते बहुतेक खरं असतं.
काठाच्या तीन मिलिमीटर वर चीर,
मग काठ बाहेर वळवायचा
दुमडून आत गेलेली कॉलर सरळ करावी तसा.
रेशमाचे तीन टाके.
"हलू नका."
ती हलत नाही.
दुसऱ्या टाक्याला वीज जाते,
अब्राहाज टेबलाखाली टॉर्च शोधू लागते,
आणि अंधारातून एनातनेशच मला समजावते,
"सावकाश कर. मला सवय आहे."

सोबत नात आली आहे, फिरेहिवोत, वय सहा.
तिची वरची पापणी उलटून पाहतो:
आत रव्यासारखे पांढरे कण.
काठीनं उंची मोजायची, उंचीप्रमाणे औषध.
"हिला सुरी नको. हे औषध, आणि रोज तोंड धुवायला पाणी."
पाणी म्हणताना माझा आवाज खाली जातो.
झरा दीड तास उतरून आहे,
पिवळा कॅन पाठीवर घेऊन चढ दोन तासांचा,
आणि मी मोटरसायकलवरून आलो आहे.

दुसऱ्या सकाळी पट्टी सोडली.
सूज, सुकलेलं रक्त, काठ सरळ.
मलम भरलं. तिनं पापणी मिटली, उघडली, मिटली,
नवी बिजागरी तपासावी तशी.
"वोरेंतो द्या इकडे."
आमच्याकडे बिस्किटांचा एक डबा आहे,
बरे झालेले त्यात चिमटे टाकून जातात.
मी आकडा वर कळवतो.
तिनं मूठ मिटली.
"आणि काटे? काटे काय तुझ्या कात्रीनं काढू?"

मग माझा हात ओढला.
परवा चढावर गाडी ढकलताना अंगठ्यात गेलेला बाभळीचा काटा
मी कोणाला दाखवला नव्हता.
"काल टाके घालताना अंगठा उचलून धरत होतास.
पापणीला कळतं."

बाकावर आज नऊ जण, उन्हाकडे पाठ करून.
ती त्यांच्या टोकाला बसली, सुजलेला डोळा किलकिला करत,
थोडी वळली, अजून थोडी,
माझा अंगठा उजेडात येईपर्यंत.
"हलू नकोस," म्हणाली.