चौदाव्या दिवसाची काच

पहिल्यांदा आले तेव्हा सगळे डेंग्यूच म्हणत होते.
प्लेटलेट तीस हजार, डोळे हळदीचे.
कन्नडात छापलेल्या फॉर्मवर मी मराठीत नाव लिहिलं:
मोनाप्पा पाखरे, नंदगड.
गाव कळलं, पुढचं कुणीच विचारलं नाही.
यमुनाक्का पिशवीत डबा कोंबता कोंबता बोलल्या,
"परवा आलेत की हो युगांडाहून.
साखर कारखान्यात टर्बाइन बसवायला गेलते."

मी स्टूल ओढलं.
एक जाड थेंब, एक पातळ ओढलेला,
जांभळ्या रंगातून काढून नळाखाली धुतलेला.
शंभरचं भिंग, तेल.
होत्याच.
कानाच्या वरच्या कडेला बुगडी असावी
तशा पेशीच्या काठाला चिकटलेल्या कड्या,
एकीत दोन, एकीत तीन.
दोनशे पांढऱ्या पेशी मोजेस्तोवर
बाहेर खानापूरची शेवटची बस गेली.

त्याच रात्री बेळगावला हलवलं. नसेतून आर्टेसुनेट.
चौथ्या दिवशीची काच स्वच्छ.
घरी जाताना यमुनाक्का माझ्या टेबलावर
फणसाचे गरे ठेवून गेल्या, वर्तमानपत्रात बांधून.

चौदाव्या दिवशी ते जिना चढताना दोनदा थांबले.
लघवी बिनदुधाच्या चहासारखी.
हिमोग्लोबिन अकरावरून सहा.
मी शंभर जागा बघितल्या, मग आणखी दोनशे.
एक तरी कडी सापडावी असं वाटत होतं मला,
हे कुणाला सांगता येत नाही.
सापडली असती तर औषध होतं.

सवदी डॉक्टर फोनवर म्हणाले,
"चिंचेतला चिंचोका काढावा
तसा प्लीहा पेशीतला मेलेला जंतू काढते
आणि पेशी परत रक्तात सोडते.
ती पेशी फार टिकत नाही.
दोन आठवड्यांनी अशा सगळ्या एकदम फुटतात."
"म्हणजे औषधानं?"
"औषध नसतं तर आज फुटायला माणूसच नव्हता.
दोन बाटल्या रक्ताचं बघा."

निकालाच्या रकान्यात मी 'जंतू दिसले नाहीत' लिहिलं.
ते खरंच होतं.
पण कधी नव्हे ते खाली समासात
'युगांडा' लिहिलं, आणि तारीख.

महिन्याभरानं नऊ झालं. कारखान्याचा फोन येतोय म्हणाले.

आता तापाच्या प्रत्येकाला मी विचारते,
कुठं जाऊन आलात?
काल एक आजी हसल्या.
"कुठं जाणार बाई, गर्लगुंजीला, लेकीकडं."
मी तेही लिहून ठेवलं.