मान वळल्याची नोंद

माझं काम एवढंच: मान वळली की रेघ ओढायची.
पिंपाएवढा गोल, आतून काळे-पांढरे पट्टे,
मधल्या पाटावर उंदीर.
पट्टे फिरतात. दिसत असेल त्याची मान
पट्ट्यांमागे जराशी सरकते,
नसेल तो मिशा पुसत बसतो.

कुणाच्या डोळ्यात नवा पडदा सरकवलाय
आणि कुणाला नुसतीच सुई लावलीय
हे मला सांगत नाहीत.
तांबवेकर मॅडम म्हणतात, मोजणाऱ्याला माहीत असलं
की त्याला हवं तेच दिसतं.
तेव्हा या खोलीत
उंदीर आंधळे, आणि पगारी आंधळी मी.

पडदा तांदळाच्या कणीहून लहान,
न जन्मलेल्या पिल्लाच्या डोळ्यातून काढलेला.
"ज्यानं उजेड पाहिलाच नाही
त्याच्याकडून उजेड उसना,"
असं मी अहवालात लिहिलं होतं.
मॅडमनी खोडलं. बरोबरच खोडलं.

मोतीसिंग राठवा पहाटे भुसा बदलतो.
एकदा म्हणाला, बेन, आपण आंधळे आहोत
हे याला ठाऊक तरी आहे का?
मी उत्तर दिलं नाही.
तो उंदीर पिंजऱ्याच्या कडेकडेनं
मिशीनं वाट चाचपत गेला,
दाणा उचलला, शेजाऱ्याशी भांडला, झोपला.

नवरात्रात विश्वामित्रीपलीकडून ढोल यायचे,
फरशी थरथरायची, नोंदी रद्द.
फतेगंजच्या कोपऱ्यावर एक कुंभारीण
भोकाभोकांचे गरबे विकत होती.
आत दिवा ठेवला की किती भोकांतून बाहेर.
डोळ्याचं उलटं, मला वाटलं,
दिवा बाहेर, भोक एकच,
आणि आतलं मडकंच तडकलेलं.
तिनं दोन सांगितले तेव्हा साठ रुपये,
मी एक घेतला, चाळीसला.

दसऱ्याला सुट्टी होती, तरी गेले.
सतरा नंबर.
पहिली फेरी: काही नाही.
दुसऱ्या फेरीत मान हलली.
रेघ ओढली नाही. शिंकला असेल.
पट्टे उलटे फिरवले: स्वस्थ.
पुन्हा घड्याळाच्या दिशेनं:
हलली.
एकाच दिशेला, म्हणजे एकच डोळा, म्हणजे डावा,
म्हणजे मला जे कळायला नको होतं ते कळलं.
रेघ, रेघ, रेघ. अकरा.
अकरावी जरा वाकडी आलीय वहीत.

दांडिया बाजारातले हैबतराव सुर्वे
दर महिन्याला फोन करतात.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली,
आता काट्यांचा अंदाज बोटांनी घेतात.
माणसांपर्यंत कधी येणार?
अजून उंदरातच आहे, काका.
मग त्याला माझा नमस्कार सांगा, म्हणतात,
आणि म्हणावं, सावकाश, पण मी एकाहत्तरचा आहे.
या वेळी मी अकरा रेघा सांगितल्या नाहीत.
अकरा रेघांनी कुणाला वेळ दिसत नाही.

जोडणी खरंच झाली का, ते बघायला
डोळा काढावा लागतो.
मेणात बसवून, केसाहून पातळ काप,
काचेवर, रंग देऊन.
कायद्यानं तारीख आधीच ठरलेली असते.
भूल मी देत नाही, पिंजरा मी नेते.

नियम: वाटेत पिंजऱ्यावर कापड.
अख्ख्या जनावरघराला खिडकी नाही,
त्या पॅसेजमध्ये एक आहे.
बाहेर वड. पारंबी हलत होती,
सावकाश, डावीकडून उजवीकडे.
मी थांबले.
कापडाखाली भुसा कुरकुरला.
कापड उचललं नाही.
पारंबी मी एकटीनं पाहिली.