शून्य ते पाच

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकी नाही
आणि दिवस बरोबर बारा तासांचा असतो, बटणावर,
मी सकाळी साडेआठला उंदरांना गुण देते.

शेपटी ताठ : शून्य.
ओल्या सुतळीसारखी बोटावरून लोंबली : एक.
मागचे पाय जाळीतून निसटले : दोन.
फरफटले : तीन.
पुढचेही गेले : चार.
पाचाचं रजिस्टर वेगळं आहे.

उंदीर काळे असतात.
आईला हे अजून पटलेलं नाही,
प्रयोगाचे उंदीर पांढरेच, असं तिचं म्हणणं.
तो आजार त्यांना आम्हीच देतो,
हे मी घरात सांगितलेलं नाही.

तीन गुणांच्या पुढे गेला
की खाणं वरच्या जाळीतून काढून
खाली भुशावर ठेवायचं, ओलं करून.
गेल्या वर्षी दमयंतीताईच्या घरी
मी मिठाचा डबा, चहाची पावडर, तांदळाचं माप
सगळं वरच्या फळीवरून ओट्यावर आणलं.
आणताना मला कळलं, हे हात कुठे शिकले.

वाशीला खांडेपारकर डॉक्टरांनी तिला समजावलं होतं :
तुमचंच सैन्य तुमच्यावर उलटलंय.
ताईने सगळं ऐकून घेतलं.
रिक्षात बसल्यावर म्हणाली,
सैन्य कसलं गो?
आपलंच जालं आपल्याच होडीच्या पंख्यात गेलंय.
मशीन चांगलं हाय, डिझेल हाय,
होडी खाडीत मधीच गोल फिरते.

तिच्या हातची गाठ साऱ्या दिवा कोळीवाड्यात
कुणाच्या नखाला सुटायची नाही.
आता सुई तिच्या बोटांत आहे की नाही
हे तिला बघून ठरवावं लागतं.
मे महिन्यात दुपारी नजर धूसर होते,
मग मासळीच्या पेटीतला बर्फ
फडक्यात बांधून मानेवर ठेवते.
वास येतो, म्हणते, पण दिसतं.

कुठल्या पिंजऱ्याला औषध, कुठल्याला नुसतं मीठपाणी,
मला माहीत नाही. माहीत असता कामा नये.
पिंजऱ्यावर फक्त रंगीत ठिपके.
शेवटी त्यांच्या मणक्यातला दोरा काढतात,
केसाहून पातळ चकत्या करतात, रंगात बुडवतात.
जिथे आवरण शाबूत, तिथे निळं.
जिथे खाल्लं गेलं, तिथे फिकट,
ओहोटीला उघडा पडलेला चिखल असतो तसं.
मी काचेवर ते फिकट फार वेळ बघत नाही.
बघावं लागतं, तेव्हा मोजते.

मंगळवारी हिरव्या ठिपक्याच्या चौदा नंबरने
शेपटीचं टोक उचललं.
कालपर्यंत दोन होता.
मी एक लिहिलं. खोडलं. पुन्हा धरला.
माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही,
त्यांना हवं तेच दिसतं.
म्हणून शबनमला बोलावलं, वही झाकून ठेवली.
तिने उचलला, सोडला, चालू दिला,
बराच वेळ काही बोलली नाही.
दीड, म्हणाली.

दीड.
मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले
आणि पोळीचा घास हातातच राहिला.
मीठपाण्यावरही कधी कधी शेपटी उचलते.
हे मला माहीत आहे.
सहा आठवड्यांनी पाकीट फुटेल तेव्हा कळेल,
आणि कळलं तरी तो उंदीर.
तिथून ताईपर्यंत किती वर्षं,
सरांना एकदा विचारलं होतं.
ते चष्मा पुसत राहिले.

संध्याकाळी ती दारात बसली होती, निवलेल्या उन्हात.
काय गो, तुजं उंदीर बरं हान ना?
एकाने शेपटी हलवली, मी म्हटलं.
ताई हसली,
मना शेपटी नाय, नायतर हलवून दाखवली असती.

मग भिंतीला धरून उठली.
अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत.
मी मान फिरवली,
जेट्टीवरच्या होड्या बघत राहिले,
आज हिला गुण द्यायचे नाहीत म्हणून.

पण कान उघडे होते.
पहिली. दुसरी.
दुसरीवर जरा जास्त वेळ.